सोमी आणि शुक्रा यांची बैठक

धुकं घोंगडीत धरायचं असेल तर घोंगडी आधी भिजवावी लागते. कोरड्या घोंगडीतून ते गळून जातं.

*

टॉवेल दिला होता. टोपी दिली नव्हती.

*

"आत्या, हे फक्त तुला. वाच, आणि पुढे कुणाला पाठवू नकोस. शपथ."

*

चौक गावाच्या पुढे इको गाडीत तीन माणसं. दोन गप्प. तिसरा म्हणाला, "काच वर घे. माझा आवाज बसंल. आज मला तो लागणार हाय."

*

नागूने आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. ही त्याने दोनदा ऐकली.

*

जागृती, मधल्या सीटवर

शपथ आपण मोडलेली नाही, असं जागृतीचं मत होतं. तिने कुणाला काही पाठवलं नाही. दुपारी वाल सोलत बसली होती, हात ओले, म्हणून मोबाईल पाटावर टेकवून मोठ्याने वाचत होती. सासरे पलीकडे झोपाळ्यावर पडलेले, डोळे मिटून. म्हातारा माणूस डोळे मिटतो तेव्हा झोपतोच असं थोडंच आहे?

भाचीने, हर्षलाने, मुलांसाठी कादंबरी लिहिली होती. पंधरा-सोळाच्या पोरांनी वाचायची. काळ जुना, बोरघाटात आगगाडीचा लोखंडी रस्ता घातला जात होता तेव्हाचा. घाटाखाली दोन टोळ्या. कडावचे धुकेवाले. ते पहाटे डोंगरावरचं धुकं घोंगड्यांत भरून आणायचे आणि व्यापाऱ्यांच्या गाड्यांवर पिळायचे. गाडीवान आंधळे झाले की माल उतरवून घ्यायचे. आणि लोधिवलीचे वाटकरी. ते पायाखालची वाटच उचलायचे, चटईसारखी गुंडाळून काखेत मारायचे, की गाड्या जागच्या जागी उभ्या. धुकेवाल्यांचा म्होरक्या जैतू, वाटकऱ्यांची म्होरकी चिंधी. जैतूची पोर सोमी. चिंधीचा पोर शुक्रा. पुढचं कुणालाही कळेल.

घोळ नावांचा होता. जैतू हे जागृतीच्या बापाच्या, म्हणजे कोंडाजीच्या आज्याचं खरं नाव. आणि चिंधी म्हणजे सासरे नागू यांची खरी आजी. खरा जैतू भात पिकवायचा. खरी चिंधी चौकच्या बाजाराला कोंबड्या न्यायची. दोघांनी कुणाला लुटलं नव्हतं, कोंबडीचा भाव सोडला तर.

"नवीन, हळू चालव," नागू म्हणाला.

"आजा, चाळीसवर आहे."

"मंग तुझे कान का लाल झालेत?"

नवीन जागृतीच्या मोठ्या जावेचा मुलगा, खोपोलीला कारखान्यात शिफ्ट करणारा. त्याचे कान का लाल झालेत, हे जागृतीला ठाऊक होतं. पुस्तकातला शुक्रा बोलण्याआधी डावी भुवई खाजवतो. गेली दोन वर्षं हर्षला आणि नवीन कर्जतच्या पुलावर भेटत होते, आणि लग्नाचा शब्द काढायची दोघांची हिंमत नव्हती. कारण जागृती स्वतः होती. तिच्या लग्नात माहेरच्या कडावकरांनी नागूला मानाचा टॉवेल दिला, टोपी द्यायची राहिली. नागू पानावरून उठला. त्यावर कोंडाजीने भर मांडवात सांगितलं की या घरातली दुसरी मुलगी लोधिवलीला द्यायची नाही. त्यानंतर जागृती माहेरी यायची ती एकटी. नागू तर त्या लग्नानंतर आज पहिल्यांदा कडावची वाट चालत होता, आणि तेही भांडायला.

*

कमलेश, ओट्यावर

हर्षलाचा बाप, म्हणजे जागृतीचा भाऊ कमलेश ओट्यावरून टेंपो धूत होता. इकोतून व्याही उतरताना दिसले तेव्हा त्याच्या हातातला पाइप त्यांच्याच दिशेला होता. पाणी बंद करायला त्याला जरा वेळ लागला.

"या या, मामा. अचानक?"

"भिजवून घेतोस होय?" नागूने धोतराचा सोगा झटकला. "तुझ्या पोरीच्या पुस्तकात पण तुमी असंच करता. आधी वलं करायचं, मंग लुटायचं."

कमलेशने पुस्तक वाचलं नव्हतं. आपली मुलगी नेरळच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि रात्री काहीतरी टाइप करते, एवढं त्याला माहीत. बायको सोनाली माहेरी पळसदरीला हळदीला गेलेली. अशा वेळी घरात काय चाललंय हे सांगायला कुणी नसतं.

आत कोंडाजी खुर्चीत बसला होता. उठला नाही. पण खुर्चीतून खाली सतरंजीवर आला, नागूच्या समोर. बसण्याची उंची सारखी झाली. चंद्राबाईने, त्याच्या बायकोने, पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"बोला," कोंडाजी म्हणाला.

"आधी ऐका. जागृती, वाच. पान एक्केचाळीस."

"मामा, मी इथे बापाच्या घरी..."

"बापाच्या घरीच वाच. इथं कोण तुला अडवतंय?"

मग जागृतीने वाचलं.

*चिंधीने वाटेचं टोक दोन बोटांत धरलं आणि झटका दिला. वाट उठली.*

("बराबर," नागू. "तिचा हातच तसा होता. कोंबडी पकडायची ना.")

*जैतूच्या पायांखालचं रान एकदम वाटेविना झालं. त्याने घोंगडी उघडली, पण धुकं बाहेर पडायच्या आधीच तो घसरला, आणि थेट पाताळगंगेत जाऊन पडला.*

("कुठं?" कोंडाजी.)

("पाताळगंगेत, बाबा.")

*काठावर चिंधी हसली. मग तिला दिसलं की सोमीच्या मागून पाण्यात उडी टाकणारा मुलगा तिचाच शुक्रा आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.*

"थांब," नागू म्हणाला. "हेच. हेच मला खपलं नाय. चिंधी रडायची नाय. पोरगा मेला असता तरी तिनं आधी कोंबड्या खुराड्यात घातल्या असत्या आणि मंग बघितलं असतं."

कमलेश गोंधळला. "मामा, पण तुमच्या आजीला दरोडेखोर दाखवलंय, त्याचं काय? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? टोळीची मालकीण होती म्हणतील."

"आमी दरोडेखोर..." कमलेशने पुन्हा सुरू केलं.

"गप रं," कोंडाजी म्हणाला. त्याच क्षणी नागूही म्हणाला, "गप रं तू." दोघं एकमेकांकडे बघून चपापले. एकाच बाजूने बोलायची त्यांना सवय नव्हती.

*

कोंडाजी, सतरंजीवर

पुस्तकाबद्दल कोंडाजीला गेल्या महिन्यात कळलं होतं, चंद्राबाईकडून. त्याने नातीला काही विचारलं नव्हतं. आपला आजा पुस्तकात आहे याचा त्याला आतून इतका आनंद झाला होता की विचारलं असतं तर तो चेहऱ्यावर दिसला असता. पण पाताळगंगेचं आज कळत होतं.

"हर्षला," त्याने हाक मारली. "बाहेर ये गं."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून ते कुणी विचारलं नाही.

"पाडायचंच होतं तर उल्हास नदीत पाड ना. आपली नदी दारात हाय. दुसऱ्याच्या नदीत कशाला पाडलास?"

"आजा, गोष्ट खालापूरकडे घडते तिथे."

"मंग तिथं त्याला पोहता येतं असं लिव."

"लिहिते."

"आणि चिंधी?" नागू.

"चिंधी रडत नाही," हर्षला म्हणाली. "डोळ्यांत धूळ जाते तिच्या."

"धूळ पण नको. वाटकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ जात नाय."

"बरं. काही जात नाही."

तिने मोबाईलवर काहीतरी लिहून घेतलं. कोंडाजीला वाटलं, पोर फारच लवकर ऐकते आहे. लहानपणी हिला एक घास भरवायला घरातली सगळी बायामाणसं लागायची.

*

हर्षला, दारात

ती सगळं देऊन टाकत होती. नदी, धूळ, जैतूचं पडणं. तीन वर्षं एकेक ओळ खरवडून लिहिलेली, आणि आता ओट्यावर भाजी निवडावी तशी माणसं त्यातून हवं ते उचलत होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिचं लक्ष आज्याच्या आणि नागू आजोबांच्या गुडघ्यांकडे होतं. एका सतरंजीवर, समोरासमोर. हे तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. अजून एखादा डोंगर द्यावा लागला तरी ती देणार होती, फक्त ही दोघं उठून जाऊ नयेत.

नवीनने मागे दोनदा म्हटलं होतं, सरळ रजिस्टर करून टाकू. तिने नाही म्हटलं. आजा मांडवात नसेल तर मांडव कशाला, असं तिचं म्हणणं. त्यावर नवीन म्हणाला होता, "आजा मांडवात असेल तर नवरा नसेल." आणि ते खरं होतं.

आता तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि पाणी पीत होता. फारच पाणी पीत होता.

"शेवट काय हाय?" कोंडाजीने विचारलं.

"शेवट प्रकाशकाला अजून पाठवला नाही."

"पण काय हाय?"

तिने नवीनकडे बघितलं नाही. "सोमी आणि शुक्रा पळून जातात. सोमी सगळ्या घाटावर धुकं पिळते, शुक्रा मागची वाट गुंडाळून घेतो. म्हणजे मागून कुणाला येता येत नाही."

ओट्यावर कोंबडी फडफडली.

"पळून?" नागू म्हणाला.

"पळून?" कोंडाजी म्हणाला.

"जैतूची पोर पळून जाते? आणि जैतू काय करतो, घोंगडी वाळत घालतो?"

"आणि चिंधी? पोराचं लगीन नाय, बैठक नाय, धवळ्यांची गाणी नाय. लोकांनी तिला काय म्हणावं?"

"अहो मामा," जागृती म्हणाली, "टोळीवाले आहेत ते. चोर."

"चोर असले म्हणून काय रीत सोडतात?" नागू तिच्यावर असा उखडला की जणू तिनेच सोमीला पळवलं. मग तो व्याह्याकडे वळला. "तुमीच सांगा. हे शोभतं?"

"नाय शोभत."

"बैठक लागते."

"लागतेच." कोंडाजीने मांडी नीट घातली. "बसू या. मी जैतूकडून."

"मी चिंधीकडून," नागूनेही मांडी घातली.

*

चंद्राबाई, पानाच्या तबकाजवळ

पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं कोंडाजीने जमवली होती. बैठकीला दोन्हीकडची माणसं त्यालाच मधे बसवायची. तो बोलत बोलत सगळं ठरवायचा, आणि शेवटी अडकित्ता उचलून सुपारी फोडायचा. सुपारी फुटली, दोन्ही बाजूंनी खाल्ली, की शब्द गेला. मग त्या दोन घरांनी मागे फिरायचं नाही. चंद्राबाई हे इतकी वर्षं बघत होती, की नवऱ्याच्या हातांचा क्रम तिला त्याच्यापेक्षा चांगला माहीत होता.

घरात बरणीत कातरलेली सुपारी होती. तिने तबकात अख्खी ठेवली. शेजारी अडकित्ता. आणि जागृतीला घेऊन वाल सोलायला बसली.

"मांडव कुठं?" नागू विचारत होता.

"कडावला. मुलीच्या दारात."

"माणसं किती धरू?"

"तुमी सांगा. वाटकरी किती हायत?"

"चाळीस."

"घोडी?"

"घोडी कुठली. बैल. वाट गुंडाळली तर घोडी चालणार कशावर?"

"मंग बैलांची वैरण आमची." कोंडाजीने सहज म्हणून टाकलं. "जेवण?"

"मटण. मागल्या टायमाला पुरलं नव्हतं."

"मागल्या टायमाला," कोंडाजी म्हणाला, "तुमी पानावरून उठला, म्हणून उरलं होतं."

जागृतीच्या हातातली शेंग सुटून सतरंजीवर पडली. कमलेश उठायला लागला, पण चंद्राबाईने त्याच्या गुडघ्यावर सोललेल्या वालांनी भरलेलं सूप ठेवलं. वाल सांडू नयेत म्हणून तो बसून राहिला.

"धवळे कोण गाणार?" नागूने विचारलं.

"धवलारीण आमची."

"तुमची गायला बसली तर नवरीचे केस पांढरे होतात. आमची आणू."

"दोघी गाऊ देत."

"एका मांडवात दोन धवलारणी? दरोडा परवडला." नागू हसला. हसल्यावर त्याचं वय उतरलं. "बरं. दोघी. आता मान."

कोंडाजी थांबला. तबकाकडे त्याचा हात गेला आणि सुपारी त्याने बोटांत घोळवायला सुरुवात केली. चंद्राबाईने मान वर केली नाही.

"मान," कोंडाजी सावकाश म्हणाला, "जैतू सोताच्या हातानी करंल. टॉवेल आणि टोपी. पयला चिंधीच्या घरच्या वडीलधाऱ्याला. इसरायचा नाय. इसरला तर त्याच्या पोरानी आठवण करायची, पोरगं सतरा कामात असलं तरी."

कमलेशने त्या जुन्या लग्नात टोप्यांची पिशवी टेंपोतच ठेवली होती. तो सुपातल्या वालांकडे बघत राहिला.

नागूने डोक्यावरून हात फिरवला. "चिंधीच्या घरचा वडीलधारा मंग बसंल," तो म्हणाला. "उठायचा नाय. टोपीला उशीर झाला तरी बसंल."

"ठरलं?"

"ठरलं."

कट्.

एकदम कोरडा आवाज. कोंडाजीच्या तळहातावर सुपारीची खांडं पडली आणि नेहमीच्या क्रमाने त्याचा हात पुढे झाला, आधी समोरच्या बाजूला. नागूने खांड उचललं, तोंडात टाकलं. कोंडाजीनेही टाकलं. दोघं चघळू लागले.

*

सगळे, एकाच वेळी

पहिल्यांदा जागृतीच्या लक्षात आलं. तिने तोंडावर पदर धरला.

मग नवीनच्या. त्याचा हात डाव्या भुवईकडे गेला.

मग कोंडाजीच्या. त्याचं चघळणं थांबलं. "मी जैतूकडून फोडली," तो म्हणाला.

"जैतू मेला," चंद्राबाई म्हणाली. "चिंधी पण मेली. सुपारी जित्या माणसांनी खाल्ली."

"पण ते पुस्तकातलं..."

"मंग थुका. तुमी थुका, व्याह्यांना पण थुकायला सांगा. मी तस्त आणते."

"मी गिळली," नागू म्हणाला.

"म्हणजे ठरलं कुणाचं?" कमलेशने विचारलं. "सोमी कोण? शुक्रा कोण?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. मुलगी जमिनीकडे बघत होती. नवीनने तांब्या उपडा केला, त्यात थेंब नव्हता, तरी तो पीत होता. "आयला," कमलेश म्हणाला.

नागू नातवाकडे वळला. "हा आपला नव्या? ह्याला आंघोळीला हाका माराव्या लागतात. हा वाट कसली गुंडाळतो?"

"आजा," नवीन म्हणाला, "मला ती आवडते." त्याला आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यातच त्याचं संपलं.

कोंडाजीने अडकित्ता मिटला, परत उघडला. एवढ्या सुपाऱ्या फोडल्या, एकही परत घेतली नव्हती. पण असं फसवून फोडून घेतलेलीही एक नव्हती. तो रागावला तर आता सगळं इथेच मोडणार, हे हर्षलाला कळत होतं. ती पुढे येऊन त्याच्या शेजारी बसली.

"ह्याच्यासाठी लिवलंस पुस्तक?"

"नाही आजा. पुस्तक आधी होतं. हा मधेच शिरला."

"आणि आज हे सगळं, माझ्या हातून..."

"सुपारीचं मला नव्हतं माहीत."

"तिला नव्हतं," चंद्राबाई म्हणाली. "मला होतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण आज नको, पाव्हणे हायत."

कोंडाजीने नातीकडे बघितलं. "पुस्तकात पळून जायचं लिवलंस."

"पुस्तकात लिहिलं. इथे दोन वर्षं थांबले."

बैठकीत समोरच्याला बोलायला जागा ठेवू नये, हे तो इतरांना शिकवायचा; आज नातीने ते त्याच्यावरच वापरलं. तळहातावर एक खांड उरलं होतं. ते त्याने कमलेशपुढे धरलं.

"पोरीचा बाप तू. तुझ्याबिगर पुरं नाय. खायचं तर खा. नको असंल तर आत्ता सांग, मी शब्द मोडला असं मी सांगंन गावाला."

कमलेशने खांड घेतलं नाही. मोबाईल काढला, पळसदरीला लावला, आणि घाईत स्पीकर चालू राहिला.

"सोनाली, अगं सुपारी फुटली."

पलीकडे हळदीची गाणी चालू होती. "कुणाच्या हातून?" सोनालीने विचारलं.

"बाबांच्या."

"मग बरं झालं. मला वाटलं अजून दोन वर्षं जातील."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही टेंपोत होता. खाल्ली का?"

"नाही अजून."

"खा आधी. आणि नवीनला काही खायला द्या, तो घाबरला की पाणीच पीत बसतो."

कमलेशने फोन ठेवला. नवीनकडे एकदा नीट बघितलं, टायर बघतात तसं, जरा वाकून. मग खांड तोंडात टाकलं. ते कडक होतं, त्याला चावायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणीही हललं नाही.

"सडकी नाय ना?" नागूने विचारलं.

"चांगली हाय," कमलेश म्हणाला.

मग एकदम सगळेच बोलायला लागले. नागूला मांडवाची तारीख मेच्या आधी हवी होती, कोंडाजीला वाल काढल्यानंतर. जागृती मधे बसून दोघांना आडवं बोलत होती, आज पहिल्यांदा तिला दोन्हीकडून शिव्या पडत होत्या आणि तिचा चेहरा उजळला होता. चंद्राबाईने सूप कमलेशच्या मांडीवरून उचललं.

"आणि ते पुस्तक," कोंडाजी नातीला म्हणाला. "आता बैठकीत ठरलं तसा शेवट लिव. मांडव, दोन धवलारणी, टॉवेल-टोपी. सगळं."

"बैलांची वैरण पण," नागू म्हणाला. "ती इसरू नको. ती त्यांनी आपणहून दिलीय."

"हो आजोबा," हर्षला म्हणाली.

पुस्तक छापून आलं तेव्हा हर्षला आणि नवीनच्या मुलीला दोन दात आले होते. पुस्तकात सोमी आणि शुक्रा पळून जातात.